पंचाहत्तर किलोचा मेहुणा

खरं काय आणि खोटं काय, हे कसं ठरवायचं ते मला कुणी शिकवू नये! अठ्ठावीस वर्षं मी वजनकाटे तपासायच्या नोकरीत आहे. बाजारातल्या काट्यांपासून भंगारवाल्याच्या वजनांपर्यंत सगळं माझ्या हाताखालून जातं. माझ्याकडे दोन शिक्के आहेत. एक 'मंजूर' आणि एक 'बाद'. मधलं काही नाही. तारे तर नाहीच नाही! 'शेटजी, तुमच्या काट्याला यंदा साडेतीन तारे बरं का,' असं मी आजवर कुठल्याही दुकानदाराला म्हटलेलं नाही. काटा एकतर खरा असतो, नाहीतर खोटा.

त्यामुळे माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून, माझाच चहा पीत माझा मेहुणा जेव्हा म्हणाला, "भाऊजी, तुमच्या गाडीला फक्त तीन तारे आहेत," तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यात माझं काय चुकलं, सांगा!

आधी गाडीबद्दल सांगतो. गाडी पंधरा वर्षांची आहे. लहान आहे. पुढे दोन अंगानं भरलेली माणसं बसली, की गिअर टाकताना शेजारच्याच्या गुडघ्याची परवानगी काढावी लागते. डावीकडची काच अर्ध्यावर येऊन थांबते आणि विचार करत बसते. पण पंधरा वर्षांत या गाडीनं मला एकदाही भर रस्त्यात सोडलेलं नाही. चारदा सोडलं, पण चारही वेळा कडेला.

आता मेहुण्याबद्दल. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. गेल्या महिन्यात यानं नवी गाडी घेतली, पाच ताऱ्यांची. तेव्हापासून तो माणूस उरला नाही, जाहिरात झाला. मी त्याला मनातल्या मनात पंचतारा म्हणतो. त्याची गाडी पट्टा लावला नाही की ओरडते, दार नीट लागलं नाही की ओरडते, मागे भिंत आली की ओरडते, पुढे माणूस आला की ओरडते. अहो, इतकं ओरडून घ्यायला माणसानं लग्न केलेलं असतं! त्यासाठी पुन्हा गाडी कशाला घ्यायची? (हे वाक्य आमच्या घरात मोठ्यानं वाचू नये.)

तर त्या दिवशी पंचतारा आला होता, तो आमच्या मुलीचं अभिनंदन करायला. माझ्या मुलीला नोकरी लागली होती! चाळीस किलोमीटरवरच्या मोठ्या इस्पितळात, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत. दोनशे जणांतून चौघांना घेतलं, त्यात ही. मला इतका आनंद झाला होता की मी त्या आठवड्यात चार दुकानदारांना हसून नमस्कार केला आणि ते चौघंही घाबरले. अडचण एकच होती. पाळी सकाळी सहाची आणि तिकडे जाणारी पहिली बस सातची. सोमवारी हजर व्हायचं होतं. मी एका क्षणात निकाल लावला. "माझी गाडी घेऊन जा!" पोरीनं माझ्या गळ्यात हात टाकले. वय वर्षं चोवीस, पण मला ती सहा वर्षांची वाटली.

आणि नेमकं तेव्हाच या गृहस्थानं खिशातून चार घड्यांचा कागद काढला.

"ताई, मी काही बोलणार नव्हतो," पंचतारा म्हणाला. असं म्हणणारा माणूस किमान अर्धा तास बोलतो. "पण भाचीच्या जिवाचा प्रश्न आहे. ही भाऊजींची गाडी नवी होती, तेव्हा ती आपटून बघितली होती. म्हणजे ही नव्हे, हिची बहीण. त्याचा निकाल आहे. आत बसलेल्या मोठ्या माणसाला, तीन तारे. लहान मुलाला, दोन. आणि पायी चालणाऱ्याला धडकली तर, चारपैकी एक."

"पायी चालणाऱ्याचं मला काय सांगतोस?" मी म्हणालो. "मी गाडीत बसतो! पायी चालणाऱ्यानं स्वतःचं बघावं!"

"आणि हे तारे पंधरा वर्षांपूर्वीचे, ताई. आता परीक्षा कडक झाली आहे. आज हीच गाडी परीक्षेला बसवली तर एक तारासुद्धा मिळायचा नाही."

"वा रे वा! म्हणजे मी शाळेत असताना गणितात पास झालो होतो, तर आता तुझ्या मुलाच्या वर्गात बसवून मला नापास करणार का?"

बायको गप्प होती. आमच्याकडे बायको बोलायला लागली की काळजी नसते. गप्प झाली की समजायचं, निर्णय झाला.

"पोर त्या गाडीनं जाणार नाही," ती म्हणाली.

"आई!"

"नाही म्हणजे नाही. नोकऱ्या छप्पन्न मिळतील."

पोरीचे डोळे भरले. मला ते सहन होईना. मी त्या कागदाकडे बोट करून म्हणालो, "अगं, त्या जुन्या कागदावर काय विश्वास ठेवतेस! एकदा पास झालेली वस्तू पास असते!"

त्यावर माझ्याच पोटची पोर, जिच्यासाठी मी भांडत होतो ती, नाक पुसत म्हणाली, "पण बाबा, तुम्ही तर प्रत्येक काट्यावर दर वर्षी नवा शिक्का मारता ना? जुना शिक्का चालत नाही म्हणून त्या डेअरीवाल्याचा काटा जप्त केला होतात."

पंचताराच्या मिशीखाली हसू फुटलं. मी चहाचा रिकामा कप तोंडाला लावून वेळ काढला. पोरगी खोटं बोलत नव्हती. नियम म्हणजे नियम! फेरतपासणीशिवाय वस्तू वापरात ठेवायची नाही, हे मी स्वतः अठ्ठावीस वर्षं लोकांना दरडावून सांगत आलो होतो.

"ठीक आहे!" मी कप आपटला. "फेरतपासणी होईल. रविवारी सकाळी दहा वाजता. आणि ती मी करीन!"

"तुम्ही?" बायको म्हणाली.

"मी! आत बसलेल्या माणसाला धडकेत काही झालं नाही, तर पोर सोमवारी गाडी घेऊन जाईल. झालं, तर मी स्वतः गाडीवर 'बाद'चा शिक्का मारीन. कबूल?"

बायकोनं माझ्याकडे, मग गाडीच्या किल्लीकडे आणि शेवटी पोरीकडे बघितलं. "कबूल. पण आत तुम्ही बसायचं नाही."

"मला काय वेड लागलंय?" मी म्हणालो. मेहुणा काहीतरी बोलणार होता, पण ताईकडे बघून थांबला.

आता शास्त्रशुद्ध तपासणी म्हणजे काय, ते त्या तारे वाटणाऱ्यांनी माझ्याकडून शिकावं. शनिवारी मी तक्ता आखला. वस्तूचं वर्णन, तपासणीची जागा, उतार, अंतर, आत बसलेल्याची स्थिती, शेरा, निरीक्षकाची सही. पोरीनं खांद्यावरून डोकावून विचारलं, "बाबा, पायी चालणाऱ्याचा रकाना?" मी तो आखला आणि लगेच त्यावर आडवी रेघ मारली. लिहिलं, 'लागू नाही'.

आमच्या इमारतीसमोरची गल्ली पुढे बंद आहे. शेवटी एक जाडजूड भिंत, आणि तिच्याकडे जाणारा बेताचा उतार. जागा तर जणू माझ्यासाठीच बांधली होती! भिंतीला गाद्या टेकवायच्या, वर पंधरा पावलांवर गाडी उभी करायची, हँडब्रेक सोडायचा, गिअर काढायचा, पुढच्या चाकाला एक वीट लावायची. वीट काढली की गाडी आपोआप खाली जाऊन धडकणार. वेग फार नाही, पण तपासणी ती तपासणी. आणि आत बसायला हवा एक माणूस. म्हणजे पुतळा.

इथं माझा अनुभव कामाला आला. दुसरा कुणी असता तर त्यानं पोत्यात चिंध्या भरल्या असत्या. मी कचेरीतून भंगारात निघालेली बाद वजनं रीतसर चिठ्ठी देऊन आणली. सरासरी माणूस पंचाहत्तर किलोचा धरला. छातीपोटाला वीस-वीसची दोन, मांड्यांना दहा-दहाची दोन, पोटऱ्यांना पाच-पाचची दोन. झाले सत्तर. सगळी जुन्या रजईत गुंडाळून माझ्या विजारीत आणि बनियनमध्ये शिवली. डोकं राहिलं. पाच किलोच हवं होतं आणि घरात बरोबर पाच किलोची पिठाची पिशवी होती. पांढरीशुभ्र, कापडी, गोल. देव देतो तेव्हा असं देतो!

"अहो, माझं पीठ कुठं गेलं?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"विज्ञानाच्या कामी!" मी ओरडलो.

पिशवीवर काळा चष्मा लावला, टोपी घातली. अंगात काय घालायचं? माझे कोट त्या छातीवर बसेनात. खुंटीवर पंचताराचा कोट लटकलेला होता. आमच्या वरच्या मजल्यावर टेलरबाई राहतात, त्यांच्याकडे सैल करायला म्हणून त्यानं तो आणून ठेवला होता. या कोटाच्या शिवणी त्या बाईंनी आजवर दोनदा उसवल्या होत्या, ही तिसरी वेळ. कोट पुतळ्याला असा चपखल बसला की काय सांगू! लांबून बघितलं तर साक्षात मेहुणा. फक्त शांत.

खरं सांगतो, मला तो जास्त आवडला.

शनिवारीच संध्याकाळी मी त्याला कुणालाही न दाखवता गॅरेजमध्ये चालकाच्या जागेवर बसवून पट्टा लावला. एकट्यानं! कंबरेनं दोन दिवस त्याचा हिशेब मागितला, पण ते असो.

रविवारी साडेनऊला मी गाडी हळूच गल्लीत आणली. पुतळा बसला होता म्हणून मी बाहेरूनच, खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरलं आणि ढकलत आणली. जागेवर उभी केली, चाकाला वीट लावली, हँडब्रेक सोडला. दोन गाद्या भिंतीला टेकवल्या. बघतो तर डाव्या कोपऱ्यात भिंत उघडी पडलेली. तिसरी गादी हवीच. अर्धवट काम मी कधी करत नाही. मी ती आणायला घरी गेलो.

दहा मिनिटं. फक्त दहा मिनिटं मी तिथं नव्हतो!

तेवढ्यात टेलरबाई दुधाची पिशवी घेऊन गल्लीत शिरल्या. टेलरबाई माणसांना चेहऱ्यानं ओळखत नाहीत, कपड्यांनी ओळखतात. आमच्या गाडीजवळून जाताना त्यांची नजर आत गेली. कोट! तीच बटणं! तीच काखेतली शिवण! त्यांनी काचेवर टकटक केलं. आतला माणूस हलेना. "अहो मामा," त्या म्हणाल्या, कारण पोरीमुळे साऱ्या इमारतीचा तो मामा झालेला आहे, "कोट घालून कशाला बसलात? अजून सैल व्हायचाय!" उत्तर नाही. मग त्यांनी वाकून चेहरा बघितला.

त्यानंतर त्या जे ओरडल्या ते मला दुसऱ्या मजल्यावर, गादीखाली डोकं असताना ऐकू आलं. मला वाटलं, कुणाचं तरी दूध सांडलं.

मी जिना उतरायला लागलो. गादी डोक्यावर, पुढे नाकापर्यंत ओघळलेली. मला दिसत होते फक्त माझे पाय. मोठी इस्पितळाची गाडी यायला आमच्याकडे वेळ लागत नाही, कोपऱ्यावरच त्यांचा तळ आहे. भोंगा वाजला. मला वाटलं, पलीकडच्या गल्लीत काहीतरी झालं असेल. लोकांना कशाचं काही होत असतं.

गल्लीत आलो, तर गाडीभोवती ही गर्दी! मधोमध माझी बायको. टेलरबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. (हे सगळं मला मागाहून कळलं; तेव्हा गादीखाली मला दिसत होते फक्त पाय आणि ऐकू येत होता नुसता गलका.)

"वहिनी, धीर धरा," टेलरबाई म्हणत होत्या. "तोंड कसं पांढरंफटक पडलंय हो! रक्ताचा थेंब नाही!"

"माझा भाऊ गं!" बायको रडत होती. "कालपरवापर्यंत धडधाकट होता!"

मी गाडीच्या पुढच्या बाजूनं, म्हणजे उताराच्या अंगानं आलो होतो. तिथूनच गादीखालून दरडावलं, "कुणी हात लावू नका! मी अजून नोंद केलेली नाही!"

एक जाड मिशीचा माणूस स्ट्रेचर ढकलत दाराशी आला होता. तो अँब्युलन्सवाला. त्यानं वही काढली. "तुम्ही पेशंटचे कोण?"

मला पेशंट दिसतच नव्हता. मला वाटलं, गाडीत बसवलेल्याबद्दल विचारतोय. नाटक बघायला आलेला कुणीतरी असेल. "त्याला मीच बसवलाय," मी अभिमानानं म्हणालो.

"कधीपासून असा आहे?"

"काल संध्याकाळपासून. रात्रभर गॅरेजमध्ये होता."

गर्दीतून एक मोठा श्वास आत ओढला गेल्याचा आवाज आला. बायकोचं रडणं थांबलं. तिनं हळूच मान वर केल्याचं मला गादीखालूनसुद्धा कळलं.

"रात्रभर?" मिशीवाला म्हणाला. "काही खाल्लंय त्यानं?"

"खातोय कसला! पाच किलो पीठ आहे, पण ते डोक्यात."

"मार बसलाय का कुठं?"

"अजून नाही. आता दहा वाजता बसणार आहे. मेहुणा आला की लगेच धडकवतो."

"अहो!" बायकोचा आवाज असा आला की माझ्या डोक्यावरची गादी थरथरली. "त्यानं तुमचं काय वाकडं केलं होतं? दोन शब्द बोलला तुमच्या गाडीला, तर जीव घेतलात त्याचा?"

"कुणाचा?"

"माझ्या भावाचा!"

मी गादी जरा उचलली. सगळी इमारत माझ्याकडे बघत होती. ज्या नजरेनं मी खोटी वजनं ठेवणाऱ्यांकडे बघतो ना, त्याच नजरेनं! वकिलांकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींनी तर आपल्या नातवाला पाठीमागे घेतलं.

"अगं वेडे, तो पुतळा आहे!" मी म्हणालो.

"पुतळा!" टेलरबाई कडाडल्या. "मी तो कोट माझ्या हातानं शिवलाय, साहेब! काखेत तीन बोटं सोडून टाका घातलाय! माझी नजर चुकेल?"

"कोट त्याचा आहे! आत मी आहे!" मी ओरडलो. "म्हणजे मी नाही, माझी वजनं आहेत! वीस-वीसची दोन, दहा-दहाची..."

"धक्का बसलाय यांना," मिशीवाला हळूच आपल्या साथीदाराला म्हणाला. "आधी आतल्याला काढू, मग यांना बघू."

त्यांनी दार उघडलं. मिशीवाल्यानं पुतळ्याच्या काखेत हात घातले, पट्टा न सोडताच, आणि जोर लावला. पुतळा जागचा हलला नाही. पुन्हा लावला. मिशीवाल्याची मान लाल झाली.

"बाप रे," तो म्हणाला, "लोखंडासारखा कडक झालाय!"

बायको मटकन खाली बसली.

आणि अगदी याच क्षणी गल्लीच्या तोंडाशी पाच ताऱ्यांची गाडी येऊन थांबली. तिनं नेहमीप्रमाणे आधी तीन वेळा आरडाओरडा केला आणि मग तिच्यातून माझा मेहुणा उतरला. हातात फुलांचा गुच्छ. माझी फजिती साजरी करायला आणला होता, दुसरं काय!

"ताई? काय झालं? कोण गेलं?"

बायकोनं वर बघितलं. एकदा त्याच्याकडे, एकदा गाडीकडे. टेलरबाईंच्या हातून दुधाची पिशवी पडली. आता मात्र खरंच दूध सांडलं.

"तू... तू आहेस?" बायको म्हणाली.

"मी आहेच. पण माझा कोट तिथं काय करतोय?" पंचतारा ओरडला. ताई जमिनीवर बसली होती, शेजारीपाजारी गोळा झाले होते, अँब्युलन्स आली होती. आणि या माणसाला दिसला कोट! गुच्छ फेकून तो धावला आणि त्यानं दारातून बाहेर लोंबणारी बाही दोन्ही हातांनी धरली. "महागाचा कोट आहे हा! काढा आधी!"

आता मिशीवाला काखेत धरून ओढतोय, मेहुणा बाही धरून ओढतोय, आतला माझा माणूस पट्टा बांधून शांत बसलाय! मी गाडीच्या पुढे, डोक्यावर गादी, ओरडतोय, "अरे, सोडा! वजन सरकेल! माझी स्थितीची नोंद राहिलीय!"

मिशीवाला दमला. मागे सरला. म्हणाला, "स्ट्रेचर अजून जवळ घ्या, मग जमेल." त्याच्या साथीदारानं स्ट्रेचर पुढे ढकललं. ते कशाला तरी अडलं. साथीदारानं खाली बघितलं. वाटेत एक वीट होती. माणूस फार व्यवस्थित. अशी माणसं मला आवडतात. त्यानं वाकून वीट उचलली, बाजूच्या कठड्यावर नीट ठेवली आणि हात झटकले.

मला वाटतं, सगळ्या गल्लीत ते फक्त माझ्या पोरीला कळलं. ती खिडकीतून ओरडली, "बाबा! बाजूला व्हा!"

मी बाजूला झालो असतो. पण गादी डोळ्यांवर होती आणि बाजू कोणती ते कळेना.

मला तिचा आवाज आला, मग चाकांचा बारीक करकर आवाज आला, मग काहीच नाही. मग माझ्या गुडघ्यांना कुणीतरी हाक मारावी तसा हलका स्पर्श झाला. इतका हलका की मी म्हणालो, "कोण आहे?" आणि मग मी उठलो. म्हणजे मला उठवलं. मी माझ्याच गाडीच्या बॉनेटवर, म्हणजे आधी नाकावर आणि मग काचेवर पालथा पडलो. काचेपलीकडे माझ्या नाकासमोर काळा चष्मा लावलेलं पांढरं तोंड होतं. तो माझ्याकडे बघून ढिम्म हलला नाही. आम्ही दोघं तसेच, एकमेकांकडे बघत, पंधरा पावलं उतारानं गेलो. मग गाडी भिंतीच्या गाद्यांना टेकली, मी पुढे घसरलो आणि माझा उजवा पाय, जो इतका वेळ काय करतोय याची मला कल्पना नव्हती, गादी नसलेल्या डाव्या कोपऱ्यात जाऊन उघड्या भिंतीला भेटला.

तिसरी गादी वर, जिथं मी उभा होतो तिथं, व्यवस्थित अंथरलेली पडली होती.

सगळे धावत आले. पंचताराच्या हातात कोटाची एक बाही होती. टेलरबाईंनी गाडीत डोकावून आतल्या माणसाचा चष्मा काढला, गाल दाबला आणि बोटाला लागलेलं पांढरं नाकाशी नेलं.

"हे तर पीठ आहे," त्या म्हणाल्या.

"मी केव्हापासून काय सांगतोय!" मी गाद्यांमधून विव्हळलो.

अँब्युलन्स मोकळी परत गेली नाही, एवढंच समाधान. मिशीवाल्यानं मला उचललं, एका झटक्यात. म्हणाला, "हे बरे हलके आहेत."

इस्पितळात डॉक्टरांनी घोट्याचा फोटो काढला. हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. मला प्लास्टरचं दुःख नव्हतं. मी खाटेवर पडून एकच विचार करत होतो, की मी काय करून बसलो! पोरीची नोकरी घालवली! आता बायको त्या गाडीला पोरीचा हात लागू देईल का? उद्या सोमवार. दोनशेतून चार, आणि त्यातून माझी पोर बाद, माझ्याच हातानं. पंचतारा खाटेशी उभा होता, हातात ती कोटाची बाही धरून. मला ती बाहीसुद्धा टोचत होती.

बायको आली. हातात माझा तपासणीचा तक्ता. तिनं चष्मा लावला.

"आत बसलेल्याची स्थिती," तिनं वाचलं. मग पोरीकडे वळली. "काय होती गं?"

"आई, त्याची टोपीसुद्धा हलली नाही," पोर म्हणाली. "पट्टा घट्ट होता. पिठाची पिशवी फाटली नाही. काच तडकली नाही, आणि बाबा तर वर होते."

बायकोनं तक्त्याच्या रकान्यांवरून एकदा बोट फिरवलं. मी डोळे मिटून घेतले.

"पोर आत बसणार आहे," शेवटी बायको म्हणाली. "आत बसणाऱ्याला काही होत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं. उद्यापासून गाडी तिची. पण हळू जायचं, पट्टा लावायचा आणि पोचल्या पोचल्या फोन करायचा."

पोरीनं तिला मिठी मारली, मग मला मारली. मी कळवळलो, पण हसलो. अहो, काय सांगू, डोळ्यांत पाणी आलं माझ्या! पायातून कळा येत होत्या, म्हणून आलं असं मी सगळ्यांना सांगितलं.

"बघितलंस?" मी मेहुण्याला म्हणालो. "तीन तारे म्हणे! तुझ्या तारेवाल्यांनी कधी स्वतः पुढे उभं राहून गाडी तपासली आहे का?"

"नाही भाऊजी," तो म्हणाला. "ते पुतळा ठेवतात. बाहेरसुद्धा."

मी प्लास्टरकडे बोट दाखवून जोरात कण्हलो. दुखण्यात माणसाचा हजरजबाबीपणा कमी होतो.

पोरीनं तक्ता माझ्यापुढे धरला. निरीक्षकाची सही. मी ऐटीत केली. मग तिनं आडव्या रेघेवर बोट ठेवलं. 'पायी चालणारा' हा रकाना. 'लागू नाही' खोडलेलं होतं आणि त्याच्या जागी तिच्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'लागू. चारपैकी एक.'

"एक कशाबद्दल?" मी विचारलं.

"तुम्ही जिवंत आहात म्हणून," बायको म्हणाली. "करा सही."

केली. नियम म्हणजे नियम.

सोमवारी पहाटे पाचला गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मला रात्रीच घरी सोडलं होतं; मी खाटेवरून मान उंचावली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, एकदा खोकली आणि गेली. पोर बरोबर पावणेसहाला पोचली. फोनवर मी पहिलं ऐकलं ते तिचं हसरं 'पोचले'. मी छाती फुगवून बायकोला म्हणालो, "आहे कुणाची टाप माझ्या गाडीला 'बाद' म्हणायची!"

बायको नुसती माझ्या पायाकडे बघून पदरात तोंड लपवून हसत होती. म्हणून मी चादर बाजूला केली. पोरगी जाता जाता माझी शिक्क्यांची पेटी उघडून गेली होती. पांढऱ्याशुभ्र प्लास्टरवर, घोट्याच्या अगदी मधोमध, माझाच गोल निळा शिक्का उमटला होता. 'बाद'. आणि खाली, रीतसर, 'फेरतपासणी सहा आठवड्यांनी'.